तंबोऱ्यावर घडवणाऱ्याचं नाव राहू द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांबद्दल आपल्या अंकात आलेलं एका वाचकाचं पत्र मी दोनदा वाचलं. कारागिरांनी आता फोनवरून थेट गिऱ्हाइकालाच वाद्य विकावं, मधला दुकानदार काढून टाकला तर दोघांचेही पैसे वाचतील, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं अर्धं मला मनापासून पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण पुराबद्दल लिहिलेला भाग कापू नका, एवढी विनंती.

मी चिपळूणला चौतीस वर्षं गाणं शिकवते. आजवर माझ्या घरात तीन तंबोरे आले आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटेने आले. पहिला गावातल्या दुकानातून, दुसरा मोठ्या शहरातल्या दुकानातून, तिसरा थेट मिरजेहून. तिन्ही मूळचे मिरजेचेच.

पहिला १९८९ चा. "उसन्या तंबोऱ्यावर किती दिवस गाशील, आता स्वतःचा घे," असं माझ्या गुरूंनी सांगितलं, तेव्हा मी बाजारपेठेतल्या एका लहानशा दुकानात गेले. पेट्या, तबले, पखवाजाच्या पुड्या, भजनी मंडळांचे टाळ असं सगळं तिथे दाटीवाटीने लावलेलं असायचं. दुकानदारकाकांनी पहिला प्रश्न केला तो सुराचा, पैशांचं नंतर. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, म्हटल्यावर त्यांनी मला तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, षड्ज लावायला सांगितला. खालचा पंचम लावून घेतला. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती गल्ल्यात ठेवली. दिवाळीनंतर ते मिरजेला जायचे तेव्हा अशा दहा-बारा चिठ्ठ्या त्यांच्याजवळ असायच्या. परत आले ते माझ्यासाठी दोन तंबोरे घेऊन. "घरी न्या, आठ दिवस गा, मग सांगा," म्हणाले. एकाचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, घुसमटल्यासारखा बोलत होता, तो मी परत केला. दुसरा ठेवला. अडीच हजार रुपये, पाच हप्त्यांत. त्याच्या दांडीवर मिरजेच्या कारखान्याच्या नावाची छोटी पट्टी होती आणि भोपळ्याच्या मागच्या अंगाला काकांच्या दुकानाचं कागदी लेबल. दोन्ही नावं एकाच वाद्यावर नांदत होती.

त्या अडीच हजारांत काकांचे किती, हे मी कधी विचारलं नाही. पुढची वीस वर्षं पावसाळा सरला की ते एका संध्याकाळी पिशवीत कानस घेऊन घरी यायचे, चहा घ्यायचे, आणि जवारी पाहून जायचे.

जवारी म्हणजे काय, हे न गाणाऱ्या वाचकांसाठी सांगायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. तंबोऱ्याच्या तबकडीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तारांखाली घोडी असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, झंकारतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवून तो झंकार नेमक्या जागी उघडायचा असतो. हा उतार कानशीने आणि काचकागदाने घासून आणावा लागतो. केसाएवढं जास्त घासलं गेलं की तार खरखरायला लागते, कमी पडलं की आवाज लाकडासारखा बंद येतो. शिवाय रोजच्या गाण्याने तारा घोडीत चर पाडतात. आमच्याकडे तर जूनपासून भिंतीसुद्धा ओल धरतात, मग लाकूड आणि भोपळा कुठून कोरडे राहणार? मिरजेच्या कोरड्या हवेत जमलेली जवारी आषाढात चिपळूणला आली की बिघडते. ती पुन्हा जमवायला माणूस तंबोऱ्यासमोर बसावा लागतो. त्याचा कान तारेवर आणि हात घोडीवर हवा.

आता दुसरा तंबोरा. २००८ साली क्लासमध्ये मुलगे वाढले, त्यांच्या सुराचा मोठा तंबोरा हवा होता. काका तोवर थकले होते. एका मैफलीसाठी मी शहरात गेले होते, तिथल्या एका मोठ्या, झगमगीत दुकानातून तंबोरा घेतला. सोळा हजार रुपये. दांडीवर त्या दुकानाच्या नावाची सुंदर पट्टी. तीनेक वर्षांत कंठाजवळचा, म्हणजे दांडी भोपळ्याला मिळते तिथला, सांधा उकलायला लागला आणि एक खुंटी जागेवर राहीना. दुकानाला फोन केला तर उत्तर मिळालं की वर्षानंतर आमची जबाबदारी नाही, हवा तर जुना देऊन नवीन घ्या. तंबोरा काय मिक्सर आहे? गळ्यासारखा तोही वर्षानुवर्षं गाऊन पिकतो. मी तो गवसणीत, म्हणजे कापडी खोळीत, घातला आणि मिरजेची वाट धरली.

सतारमेकरांच्या गल्लीत विचारत विचारत एका कारखान्यात शिरले. एक वयस्कर कारागीर खाली बसून दांडी तासत होते. त्यांनी गवसणी काढली, तंबोरा फिरवून कंठावरची कोरलेली पानं पाहिली आणि हात पुसत म्हणाले, "ताई, हा माझाच." मला खरं वाटेना. त्यांनी मग दुकानाची पट्टी अलगद उचकटून दाखवली. तिच्याखाली पॉलिश फिकट होतं आणि जुन्या पट्टीच्या खिळ्यांची दोन बारीक भोकं होती. त्यांची पट्टी काढून वर दुसरी बसवलेली. किती पडले, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांना नऊ हजार मिळाले होते, तेही तीन हप्त्यांत, शेवटचा पाच महिन्यांनी. "आता पट्टी लावतच नाही," ते म्हणाले. "नाव लावलं की माल घेत नाहीत, ताई."

दुकानाने सात हजार घेतले याचा मला एवढा राग नाही. मोठ्या शहरात भाडं असतं, नोकरांचे पगार असतात, वर्षभर माल पडून राहतो. पण ज्याने वाद्य घडवलं त्याचं नाव खरवडून काढण्याचे पैसे मी दिले होते, हे मला आजही सलतं. पत्रलेखकांचं जे अर्धं मला पटतं ते हे. अशा दुकानदाराला वगळून कारागिराने थेट विकायला सुरुवात केली असेल तर उत्तम केलं.

हे नाव साधं नाही. मिरजेच्या सतारमेकरांची ही घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा १९ व्या शतकाच्या मध्यात त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवयांची ये-जा होतीच, त्यामुळे घडवलेलं वाद्य त्याच दिवशी जाणत्या कानावर पडायचं. पुढे किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करण्याचा हात होता, असं माझे गुरू अभिमानाने सांगायचे. गाणारा आणि घडवणारा यांच्यात तिथे हाताच्या अंतराएवढंच अंतर होतं. तंबोऱ्याची मिरज झाली ती या जवळिकीतून.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी त्या दिवशी क्लासमध्ये पेढे वाटले. आता मिरजेत न झालेल्या वाद्याला कुणी मिरजेचं म्हणून विकू लागला, तर कायद्याने त्याला अडवता येईल. गावाचं नाव राखलं गेलं. माणसाचं नाव मात्र अजून कुठल्या तरी पट्टीखाली दबलेलं आहे.

तिसरा तंबोरा मी त्याच वयस्कर कारागिरांकडून, मी त्यांना चाचा म्हणते, थेट घेतला, २०१२ साली. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. माळ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. कडू जातीचे हे भोपळे खाण्याच्या उपयोगाचे नसतात, वाद्यासाठीच त्यांची शेती होते, आणि ते महिनोन्महिने वाळवल्याशिवाय कामाला घेत नाहीत. तुणीच्या लाकडाच्या दांड्या भिंतीला उभ्या केलेल्या. लाखदाण्याच्या पॉलिशचा वास. चाचांनी मला गायला बसवलं, काकांनी १९८९ साली बसवलं होतं तसंच. भूप राग गाऊन झाल्यावर ते उठले, तीन-चार भोपळे बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि एक खाली काढला. "हा तुमचा." चार महिन्यांनी बोलावलं. जवारीसाठी मी सबंध दुपार समोर बसले होते. मी गायचे, ते दोन वेळा कानस फिरवायचे, तार परत चढवायचे, ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. चौदा हजार घेतले. शहरातल्या दुकानापेक्षा मला कमी पडले, आणि दुकानदाराकडून मिळाले असते त्याहून त्यांना जास्त मिळाले. एसटीत तंबोऱ्याचं वेगळं तिकीट काढलं. कुंभार्ली घाटाच्या आधी तारा सैल करा, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून पाटणला गाडी थांबली तेव्हा केल्या.

थेट विक्री म्हणजे हे असेल तर माझी काहीच तक्रार नाही. पण गेल्या काही वर्षांत थेट विक्रीचा जो अर्थ झाला आहे, तो वेगळा आहे.

२०२३ मध्ये माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी तंबोरा वाजवल्याची चित्रफीत फोनवर पाहून मिरजेच्या एका कारागिराकडे मागणी नोंदवली. चोवीस हजार आगाऊ भरले. लाकडी खोक्यात, पेंढा आणि थर्मोकोल घालून तंबोरा आला, कुठे ओरखडाही नाही. काम देखणं, प्रामाणिक. पण फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज कधी कळतो का? मुलीचा सूर काळी पाच, आणि घोडी जमवलेली जरा खालच्या सुरावर. त्यात खोकं उघडलं ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मधल्या जोडाच्या तारा किरकिरत होत्या, खर्ज नुसताच घुमत होता. कारागिराने फोनवर चेहरा दाखवून अर्धा तास समजावलं: दोरा जरा वर घ्या, आता खाली, थोडा डावीकडे. त्या बिचाऱ्याने मनापासून प्रयत्न केला. पण त्याच्या कानापर्यंत पोचत होता तो तंबोरा नव्हताच, फोनने चावून टाकलेला आवाज होता. परत पाठवायचा तर जाण्या-येण्याचा खर्च आणि वाटेत भोपळा फुटायची भीती. मुलगी रडवेली झाली.

शेवटी आम्ही गेलो कुठे? बाजारपेठेतल्या त्याच दुकानात. काका आता नाहीत, त्यांचा मुलगा दुकान बघतो. दुकानात आता कीबोर्ड आणि गिटारी आहेत, तंबोरा एकही नाही. त्याने खोक्यावरचा पत्ता पाहिला आणि म्हणाला, "बाई, विकत तिकडून आणि बिघडला की माझ्याकडे?" मला उत्तर सुचलं नाही. तरी त्याने तंबोरा आडवा घेतला. दोन तास घासून जवारी जमवून दिली. तीनशे रुपये घेतले. जाताना जे बोलला ते पत्रलेखकांनी ऐकावं असं मला वाटतं. "बाबा वर्षाला सहा-सात तंबोरे विकायचे. त्या नफ्यात गावभरच्या जवाऱ्या फुकट करायचे, लोकांना वाटायचं जवारी फुकटच असते. आता तंबोरा विकला जात नाही आणि जवारीचे तीनशे सांगितले तर म्हणतात, घासायचे तीनशे?"

त्याने हिशेबच मांडला होता. काकांच्या नफ्यात पुढच्या वीस वर्षांची जवारी धरलेली होती, आम्हाला ती दिसत नव्हती एवढंच. शहरातल्या त्या दुकानाने तोच नफा घेतला आणि सेवा दिली नाही. थेट विक्रीत तो नफा गेला आणि त्याच्या पोटात दडलेली सेवाही गेली. दलाल म्हणून दोघांना एकाच काठीने मारणं अन्यायाचं आहे.

हे फक्त तंबोऱ्याचंही नाही. माझ्या भाच्याने गिटार अशीच थेट मागवली. कारखान्यातून निघालेली, मापात बसलेली वस्तू, तिला काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण पावसाळ्यात तिची मान वाकली, तारा फ्रेटपासून इतक्या वर गेल्या की पोराच्या बोटांना फोड आले आणि त्याने गिटार कपाटावर टाकली. दुकानातल्या या मुलाने मानेतली लोखंडी सळई किल्लीने पाव फेरा फिरवली, घोडी थोडी खाली घेतली, आणि वीस मिनिटांत ती गिटार वाजायला लागली. गिटारीला किल्ली तरी आहे. तंबोऱ्याला किल्ली नाही.

आता पुराचं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमचं घर बाजारपेठेपासून लांब नाही. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा सासूबाईंना वर नेलं, कागदपत्रं नेली, मग मी दोन्ही हातांत दोन तंबोरे घेऊन जिना चढले. उरलेला, तो २००८ चा, पलंगावर राहिला. परत उतरायला गेले तर जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी. दुसऱ्या दिवशी खाली आले तेव्हा तो खोलीच्या कोपऱ्यात चिखलात आडवा पडलेला होता. भोपळ्यात गाळ भरला होता आणि तबकडी एका बाजूने उचलली गेली होती. मी मुलांची वह्या-पुस्तकं, गाद्या, धान्य सगळं फेकलं, पण त्याला हात लावायचा धीर होईना.

तिसऱ्या दिवशी दुकानातला तो मुलगा आला. त्याच्या स्वतःच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. पेट्यांचे भाते सुटून रस्त्यावर पडले होते, तबल्यांची पुडी कुजत होती. विमा नव्हता. तसल्या दिवशी तो गुडघाभर चिखलातून चालत आला आणि दारातूनच ओरडला, "बाई, तंबोरा उन्हात ठेवला नाहीत ना?" मी ठेवणारच होते. त्याने घोडी काढली, तारा उतरवल्या, वर साठवलेल्या पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर मागून आतला गाळ धुऊन काढला. मग जुन्या साडीत सैल गुंडाळून जिन्याच्या वळणावर, जिथे नुसता वारा लागतो तिथे, कुशीवर ठेवला. रोज कूस बदला, म्हणाला. तीन आठवडे मी ते केलं. वीज नव्हती तेव्हाही केलं.

रस्ते नीट सुरू झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो मिरजेला नेला. चाचांनी सगळे सांधे सोडवले. तबकडी गेली होती, ती नवी केली. भोपळा आणि दांडी मात्र वाचली. भोपळ्यात हात घालून चाचपत ते म्हणाले, "ज्याने हा सुकवला, त्याला माझा सलाम सांगा. उन्हात ठेवला असता तर भोपळा तडकून दोन झाला असता." सहा हजार घेतले. आणि कंठावर पॉलिशचा शेवटचा हात फिरवून झाल्यावर त्यांनी एका डब्यातून आपल्या नावाची पट्टी काढली आणि दांडीवर, त्या दोन जुन्या भोकांवर, बसवली. तेरा वर्षांनी.

तो सलाम मी चिपळूणला येऊन पोचवला. दुकानातल्या मुलाने त्या कामाचा एक रुपया घेतला नव्हता.

म्हणून मला सांगायचं आहे ते असं. कारागिराने थेट विकावं की दुकानातून, हे त्याचं त्याने ठरवावं. पण वाद्यावर त्याचं नाव, मिरज आणि वर्ष असलंच पाहिजे. दुकानदाराला आपलं नाव लावायचं तर खाली लावावं, काकांसारखं. किंमत कारागिराने सांगावी, आणि दुकानाचा वाटा किती हे गिऱ्हाइकाला कळू द्यावं. ज्या दुकानात जवारी करून मिळते, त्याला तो वाटा देताना माझा हात आखडणार नाही, आणि कुणाही गाणाऱ्याचा आखडू नये. थेट विक्री करणाऱ्या मिरजेच्या मंडळींना माझी वेगळी विनंती आहे. किमतीत पाचशे रुपये जास्त धरा आणि ते गिऱ्हाइकाच्या गावात किंवा जवळच्या गावात जवारी जाणणाऱ्या माणसाला पहिल्या जवारीचे म्हणून द्या. बॉक्सबरोबर त्याचा फोन नंबर पाठवा. चोवीस हजारांत पाचशे कुणाला जड नाहीत. दूरवरचं गिऱ्हाईक परत तुमच्याकडे येईल ते तंबोरा चांगला बोलत राहिला तरच, आणि तो बोलता ठेवणारा माणूस तुमच्यापासून कितीतरी किलोमीटरवर बसलेला आहे. तो उपाशी राहिला तर तो कीबोर्डच विकेल, आणि मग आमच्या पोरी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गातील. आजच बहुतेक जणी तसं गातात. मी त्यांना दोष देत नाही, जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यापेक्षा मोबाइल सुरात असतो.

एक अवघड गोष्टही लिहिते. आम्ही गाणं शिकवणारे या व्यवहारातून बाहेर नाही. विद्यार्थ्याला अमुक दुकानात पाठवलं की शिक्षकाला पाकीट मिळतं, ही चाल मी स्वतः पाहिली आहे. मलाही १९९६ साली एक पाकीट आलं होतं, ते मी परत केलं. पण परत केल्यावर गप्प बसले, ही माझी चूक झाली. ते पैसे कुणाच्या वाट्याचे असतात? कारागिराच्या नाही तर विद्यार्थ्याच्या. क्लास चालवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनी हे पाकीट बंद करावं, आणि ते बंद केल्याचं विद्यार्थ्यांच्या पालकांना स्पष्ट सांगावं. दलालांना हटवा असं म्हणायचा हक्क आम्हाला त्यानंतरच पोचतो.

या दिवाळीनंतर मी दोन विद्यार्थिनींना घेऊन मिरजेला जाणार आहे. दुकानातला मुलगा बरोबर येतो आहे. वडिलांकडून शिकलेली जवारी त्याला येते, पण मोठ्या पुरुषी तंबोऱ्याची नीट जमत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. चाचा आता काम करत नाहीत, त्यांच्या थोरल्या मुलाने आठ दिवस शेजारी बसवून घ्यायचं कबूल केलं आहे. येण्या-जाण्याचं भाडं आणि आठ दिवसांची दुकानाची खोट क्लास भरून देणार आहे. पालकांच्या सभेत मी हे मांडलं, तेव्हा कुणीही नाही म्हटलं नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपण मैफलींचे फोटो छापता. गायकाचं नाव असतं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, तेही अलीकडे छापता, हे फार चांगलं करता. त्या ओळीत तंबोरे कुणाच्या हातचे, हे चार शब्द वाढवा. वार्ताहराला फार शोधावं लागणार नाही. दांडीवर पट्टी असेल तर वाचता येईल, आणि नसेल तर का नाही, हे गायकाला विचारता येईल.

आपली नम्र,
एक गायनशिक्षिका,
चिपळूण